खोतशाहीविरुद्धचा लढा आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

समितीने आम्हाला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, या खेपेला जमिनीवर बोलू. काही मंडळींना नवल वाटलं. विहारात धम्मावर बोलावं, जमिनीचं इथे काय काम? पण मंडळी, आपण या वस्तीत का राहतो, याचा जरा विचार करा. आपले आजे-पणजे मुंबईला हौसेने आले नाहीत. गावाला पोट भरत नव्हतं म्हणून बोटीत बसून आले आणि गिरणीच्या दारात उभे राहिले. पोट का भरत नव्हतं? जमीन नापीक होती म्हणून? तसं नाही. भात पिकत होतं. पण पिकवलेलं भात खळ्यावरूनच दुसऱ्याच्या घरी जात होतं. ते कसं जात होतं आणि ते थांबवायला कोण कोण उभं राहिलं, हे आपल्या पोरांना माहीत असायला पाहिजे.

आणि धम्माचा संबंध नाही असंही नाही. दीघनिकायात कूटदंत सुत्त आहे. त्यात एका राजाची गोष्ट येते. राज्यात लूटमार चालली होती आणि राजाला मोठा यज्ञ करायचा होता. पुरोहित त्याला सांगतो की लोकांना मारून-बांधून हे थांबणार नाही. शेती करणाऱ्याला बी-बियाणं दे, व्यापार करणाऱ्याला भांडवल दे, चाकरी करणाऱ्याला वेतन दे, मग राज्यात शांतता नांदेल. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. म्हणून आजचा विषय विहाराच्या बाहेरचा नाही, असं आम्ही मानतो.

खोती म्हणजे काय?

आजच्या मुलांना खोत म्हटलं की आडनाव वाटतं. म्हणून आधी खोती समजून घेऊ. जुना रत्नागिरी जिल्हा, कुलाबा जिल्हा म्हणजे आजचा रायगड, आणि ठाण्याचा काही भाग, इथे सरकार आणि कसणारा शेतकरी यांच्या मध्ये एक तिसरा माणूस बसलेला होता. तो खोत. गावचा शेतसारा गोळा करायचा आणि सरकारात भरायचा, एवढं त्याचं मूळ काम. पण हा हक्क वंशपरंपरेने चालला आणि हळूहळू खोत गावाचा धनीच झाला. १८८० साली इंग्रज सरकारने खोतीचा कायदा केला. त्यात काही कायम कुळांचे हक्क नोंदले गेले खरे, पण खोताची गादीही कायद्याने पक्की झाली.

खोत सगळे एका जातीचे नव्हते. ब्राह्मण होते, मराठा होते, कायस्थ होते, मुसलमानही होते. त्यांच्याखाली राबणारी कुळं मात्र बहुतेक कुणबी, आगरी, महार, भंडारी अशी कष्टकरी जातीची.

आता हिशेब बघा. पुष्कळ जमिनी अर्धेलीने दिलेल्या असत. म्हणजे पिकाचा अर्धा वाटा खोताचा. समजा एखाद्या कुळाला एक खंडी भात झालं. खंडी म्हणजे वीस मण. त्यातलं दहा मण खळ्यावरच खोताचं झालं. उरलं दहा मण. त्यातून पुढच्या वर्षाचं बी काढायचं. आषाढ-श्रावणात घरातलं भात संपलेलं असे, तेव्हा खोताकडूनच उसनं आणलेलं असायचं. ते सवाईने नाहीतर दिढीने फेडायचं, म्हणजे मणाला सव्वा मण किंवा दीड मण. हे सगळं देऊन झाल्यावर घरी काय आलं असेल ते तुम्हीच ताडा. नांगर कुळाचा, बैल कुळाचे, बी कुळाचं, घाम कुळाचा, आणि लावणीला चिखलात कंबर मोडणारी बाईही कुळाच्याच घरची.

काही ठिकाणी पीक उभं असतानाच अजमास करायचे. त्याला अभावणी म्हणत. खोताचा माणूस बांधावरून नजर फिरवायचा आणि आकडा सांगायचा. पुढे पाऊस लागून भात आडवं पडलं तरी आकडा तोच. आमच्या वाडीतली जुनी माणसं म्हणायची, खोताची पायली आपल्याला देताना लहान होते आणि आपल्याकडून घेताना मोठी होते.

त्यावर वेठ वेगळी. आधी खोताच्या शेतात नांगर धरायचा, मग स्वतःच्या. खोताचं घर शाकारायचं, लाकडाचे भारे पोचवायचे, लग्नकार्याला राबायचं, आणि हे सगळं फुकट. नाही म्हटलं तर पुढच्या साली जमीन दुसऱ्याला. ज्याचा हक्क नोंदलेला नाही असं कूळ खोताच्या मर्जीवर असे. ही मर्जी हेच खोताचं खरं हत्यार होतं. वाट्याने तो पोटावर मारायचा आणि मर्जीने तोंड बंद ठेवायचा.

पाण्याचा हक्क आणि पोटाची दोरी

आता आपला समाज यात कुठे होता? काहीजण खोताची कुळं होते, काही नुसते शेतमजूर. त्याशिवाय महारकीचं वतन गळ्यात. वतनाचा जमिनीचा तुकडा तो केवढा, आणि त्याच्यासाठी सगळ्या गावाची आणि सरकारची चाकरी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधी विधेयक आणलं ते याच कारणाने. वतनाला आपली माणसं मान समजत होती, बाबासाहेबांनी ती बेडी आहे हे दाखवून दिलं.

१९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे आपल्या पोराटोरांनाही पाठ आहे. पण त्यानंतर गावोगाव काय झालं ते कमी सांगितलं जातं. जिथे जिथे आपल्या माणसांनी मान वर केली तिथे तिथे बहिष्कार पडला. कुणाची कसायची जमीन काढून घेतली, कुणाला मजुरीला बोलावणं बंद केलं, वाण्याने मीठ-मिरची देणं बंद केलं. मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली होती. बाबासाहेब त्या समितीचे सभासद होते. १९३० च्या तिच्या अहवालात हे स्पष्ट लिहिलेलं आहे की अस्पृश्य माणूस पोटासाठी गावातल्या जमीनवाल्यांवर अवलंबून असतो, आणि तो हक्क मागायला गेला की जमीन काढून घेऊन, काम बंद करून त्याला जेरीस आणतात.

म्हणजे बघा, पाणी तळ्यातलं आणि दोरी पोटाची. पोटाची दोरी दुसऱ्याच्या हातात असेल तर तळ्याच्या काठावर किती दिवस उभं राहता येईल? बाबासाहेबांनी हे नेमकं ओळखलं होतं. ते स्वतः कोकणचे. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे त्यांचं मूळ गाव. १४ एप्रिल १९२९ रोजी चिपळूणला रत्नागिरी जिल्हा शेतकरी परिषद भरली, तिचे अध्यक्ष बाबासाहेब होते, आणि खोती नष्ट झाली पाहिजे हे त्यांनी तिथे उघड सांगितलं. आपण १४ एप्रिलला मिरवणूक काढतो. त्याच तारखेला बाबासाहेब चिपळुणात कुळांच्या बाजूने उभे होते, हेही मिरवणुकीत कुणीतरी सांगायला हवं.

चरीचा संप

गिरणीच्या संपाच्या गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या. पण शेतकऱ्यांचा संप ऐकलाय का? अलिबागजवळ चरी नावाचं गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथे सभा झाली आणि पंचवीस गावांच्या कुळांनी ठरवलं की आपण खोत-सावकारांची जमीन कसायचीच नाही. पुढारी होते नारायण नागू पाटील. कुळं मुख्यतः आगरी समाजाची.

गिरणी बंद पडली तर मालकाचा नफा थांबतो. जमीन पडीक राहिली तर जमीनवाल्याचा वाटा थांबतो, पण कुळाचं ताटही रिकामं होतं. म्हणून शेतकऱ्याचा संप गिरणीच्या संपापेक्षाही अवघड. हा संप किती दिवस चालला असेल? १९३९ पर्यंत. जवळजवळ सहा वर्षं! माणसांनी लाकडं तोडून विकली, मासे मारले, मिळेल ती मजुरी केली, पण खोताच्या शेतात नांगर घातला नाही. ज्या घरात रोज चूल पेटवायची असते त्या घरातली बाई ठाम नसेल तर असा संप सहा आठवडेही चालत नाही. इतिहासात पुढाऱ्यांची नावं येतात, या बायांची येत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगतो.

१९३४ च्या डिसेंबरात बाबासाहेब चरीला गेले आणि तिथल्या शेतकरी परिषदेत बोलले. त्यांच्याबरोबर सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे होते. ही दोन्ही नावं महाडच्या सत्याग्रहातलीच. जातीने दोघेही कायस्थ, पण चवदार तळ्यावरही आपल्याबरोबर आणि खोतीविरुद्धही कुळांबरोबर. तेव्हा जात बघून माणूस ओळखू नये, तो कुणाच्या बाजूने उभा राहतो ते बघावं.

दुसरीही एक गोष्ट सांगायला हवी. कोकणात कुणबी कूळ आणि महार कूळ एकाच खोताखाली भरडले जात होते. पण कुणब्याच्या विहिरीवर महाराला मज्जाव होताच. खोताला हे सोयीचं होतं. एका कुळाने मान वर केली की त्याची जमीन दुसऱ्या जातीच्या कुळाला द्यायची. दोघं भांडत बसले की खोत निवांत. बाबासाहेबांनी ही गाठ सोडवायचा प्रयत्न केला. १९३६ साली त्यांनी पक्ष काढला त्याला जातीचं नाव दिलं नाही. नाव ठेवलं स्वतंत्र मजूर पक्ष.

कौन्सिल हॉलवरचा मोर्चा

१९३७ च्या निवडणुकीत हा पक्ष मुंबई कायदेमंडळात गेला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. त्यात मागणं काय होतं? खोताला वाजवी भरपाई द्या, पण खोती रद्द करा, आणि जमीन प्रत्यक्ष ज्याच्या ताब्यात आहे, जो ती कसतो, त्याला कायद्याने कब्जेदार माना. खोताचं घर लुटा असं त्यात कुठे नव्हतं. सरकार आणि कसणारा यांच्यामधला माणूस काढा, एवढंच होतं.

विधेयक नुसतं टेबलावर पडून राहिलं असतं. म्हणून १० जानेवारी १९३८ ला मुंबईत शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला. रत्नागिरी, कुलाबा, ठाणे, सातारा, नाशिक अशा जिल्ह्यांतून माणसं आली. कोकणातली माणसं बोटीने आली. वीस हजारांच्या आसपास शेतकरी त्या दिवशी कौन्सिल हॉलवर निघाले. हातात फलक, खोती नष्ट करा, बाबासाहेबांच्या विधेयकाला पाठिंबा द्या. शामराव परुळेकर, अनंतराव चित्रे, इंदुलाल याज्ञिक अशी माणसं त्यात होती. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना शिष्टमंडळ भेटलं. त्या काळी मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. त्या सभेत बाबासाहेब जे बोलले त्याचं सार असं, की जगात खरं पाहता दोनच जाती, एक श्रीमंतांची आणि दुसरी गरिबांची, आणि गरिबांनी आपला पक्ष, आपली संघटना उभी केल्याशिवाय गत्यंतर नाही.

बोटीने आलेली ही माणसं कुणाच्या खोलीत उतरली असतील? आपल्याच. परळ, लालबाग, नायगाव, डिलाईल रोड. कारण गावचं कूळ आणि गिरणीचा कामगार ही दोन माणसं नव्हती. थोरला भाऊ गिरणीत, धाकटा शेतात. गिरणीतली मनीऑर्डर गावी जायची आणि तिच्यातून खोताचं देणं फिटायचं. गिरणीतही आपल्याला साच्यावर घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि तिथे विटाळ आडवा यायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. म्हणजे गावात बांधावर विटाळ आणि शहरात साच्यावर विटाळ. आणि त्याच १९३८ साली, ७ नोव्हेंबरला, कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला, त्यातही स्वतंत्र मजूर पक्ष पुढे होता. जानेवारीत शेतकरी, नोव्हेंबरात कामगार. एकाच घरातल्या दोन भावांनी एकाच वर्षात केलेले हे दोन लढे आहेत.

खोतीचं विधेयक त्या कायदेमंडळात संमत झालं नाही. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला. पण चरीचा संप आणि मुंबईचा मोर्चा वाया गेला नाही. १९३९ साली कूळ कायदा झाला आणि 'संरक्षित कूळ' हा शब्द मुंबई इलाख्याच्या कायद्यात आला.

बंगालचे आधियार

हा प्रश्न फक्त कोकणाचा होता असं समजू नका. बंगालमध्ये अर्धेलीच्या कुळाला आधियार किंवा बरगादार म्हणत. जमीनवाला म्हणजे जोतदार. रीत आपल्यासारखीच. नांगर-बैल आधियाराचे, पीक कापून न्यायचं जोतदाराच्या खळ्यावर, तिथे अर्धं त्याचं, वर कर्ज आणि व्याज कापून घेणार. १९४० साली तिथल्या फ्लाउड कमिशनने शिफारस केली होती की कसणाऱ्याला दोन तृतीयांश वाटा मिळावा. कागद कागदावर राहिला. १९४३ ला बंगालात दुष्काळ पडला आणि लाखो माणसं अन्नाविना मेली. त्यांच्यात भात पिकवणारीच पुष्कळ होती.

१९४६ च्या हंगामात आधियार उठले. पिकाचे तीन वाटे करा, दोन आमचे, एक तुमचा. म्हणून त्या लढ्याला नाव पडलं तेभागा. किसान सभेने सांगितलं की भात कापा आणि आपल्याच खळ्यावर न्या. मंडळी, यातली शहाणपणाची गोष्ट लक्षात घ्या. खळं ज्याचं, माप त्याचं. माप ज्याचं, हिशेब त्याचा. म्हणून त्यांनी आधी खळं बदललं.

राजबंशी, संथाळ, नामशूद्र, मुसलमान शेतकरी एका रांगेत उभे राहिले, आणि तेही देशात हिंदू-मुसलमान दंगे पेटलेले असताना. ४ जानेवारी १९४७ ला दिनाजपूर जिल्ह्यात चिरीरबंदर इथे गोळीबारात दोघं मेले, समीरुद्दीन आणि शिवराम. एक मुसलमान, एक संथाळ. २० फेब्रुवारीला खांपूरला पोलिसांच्या गोळ्यांनी बावीस माणसं पडली, त्यात यशोदाराणी सरकार नावाची शेतकरी बाई होती. त्याच बंगालने १९४६ साली बाबासाहेबांना घटना समितीवर निवडून दिलं होतं, हे नातं आपण विसरू नये. पुढे १९७८ पासून पश्चिम बंगालमध्ये बरगादारांची नावं गावोगाव जाऊन नोंदवली गेली, त्यात सुमारे १४ लाख नावं लागली. लढा १९४६ चा आणि नाव लागलं तीस-बत्तीस वर्षांनी!

आपल्या ठाणे जिल्ह्यातही १९४५ साली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठ नाकारली. लग्नासाठी कर्ज काढलेला वारली बायकोसकट सावकाराचा गडी व्हायचा, त्याला लग्नगडी म्हणत. ती पद्धत त्यांनी मोडली. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. हे शामराव तेच, १९३८ च्या मोर्चातले.

कायदा आला, कूळ कुठे गेलं?

आता पुढचा भाग नीट ऐका, कारण तो आपल्या घरातला आहे.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळ कायदा आला. त्यात कोरडवाहू जमिनीला मालकाचा वाटा जास्तीत जास्त एक तृतीयांश ठरवला. बंगालचा आधियार जे मागत होता तेच हे. १९४९ साली खोती नष्ट करण्याचा कायदा झाला. मग १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता तो कायद्याने तिचा खरेदीदार मानला गेला. वाचायला किती छान! बाबासाहेब मात्र हा दिवस बघायला नव्हते. त्यांनी १९४७ सालीच घटना समितीसाठी लिहिलेल्या निवेदनात याच्याही पुढचा विचार मांडला होता. जमीन राष्ट्राच्या मालकीची करावी, गावाने ती सामुदायिक कसावी, म्हणजे जमीनदारही राहणार नाही, कूळही नाही आणि भूमिहीन मजूरही नाही.

पण झालं काय? १९३९ च्या कायद्याने संरक्षण मागायचं तर १ जानेवारी १९३८ च्या आधी सलग सहा वर्षं जमीन कसलेली दाखवावी लागे. खोत ज्याला साल-दोन सालांनी हलवायचा त्याने ते कसं दाखवायचं? पुढच्या कायद्यात कुळाला 'स्वखुशीने' जमीन सोडता येत होती. ही स्वखुशी कशी असते ते आपल्याला माहीत आहे. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटतर्फे दांडेकर आणि खुदनपूर यांनी या कायद्याची पाहणी केली, तिचा अहवाल १९५७ साली आला. कुळांनी स्वखुशीने जमिनी सोडल्याचे प्रकार सर्रास झाले, हे त्यांनाही दिसलं.

त्यात आपला माणूस जास्त मागे राहिला. पावती मिळायची नाही, मिळाली तर वाचता यायची नाही. कर्ता पुरुष मुंबईत, गावाला म्हातारी आणि सून. तलाठ्याने पिकाची नोंद करताना वाड्यावर बसून करायची, वाडीत यायचं नाही. कसणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचं. चुलत्याने, शेजाऱ्याने, जमीनवाल्याने नाव चढवलं आणि आपण गणपतीच्या-शिमग्याच्या सुट्टीत जाऊन नुसते आंबे-फणस खाऊन आलो.

ज्यांच्याकडे कुळाचीही जमीन नव्हती त्यांचं काय? त्यांच्यासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा सत्याग्रह केला, एकदा १९५९ साली आणि मग ६ डिसेंबर १९६४ पासून साऱ्या देशभर. पडीक सरकारी जमीन, गायरान, वनजमीन भूमिहीनाला द्या, ही मागणी. लाखो माणसांनी तुरुंग भरले. आपल्या वस्तीतल्या कित्येक घरांत तुरुंगात जाऊन आलेली माणसं होती.

आणि १९८२ आठवा. १८ जानेवारीला संप लागला. अडीच लाख कामगार रस्त्यावर आले. आमच्या आधी गिरणीत लागलेली माणसं संप लांबल्यावर गावी गेली. तिथे फरक दिसला. ज्याच्या नावावर चार गुंठे का होईना जमीन होती, तो नाचणी-भात खाऊन तगला. ज्याचं नाव नव्हतं त्याला भावकीच्या दारात उभं राहावं लागलं. कागदावरच्या एका ओळीची किंमत काय असते हे तेव्हा कळलं.

आपण काय करायचं?

तर मंडळी, एवढ्या सगळ्या लढ्यांतून आम्ही जे शिकलो ते एका वाक्यात सांगतो. राबणाऱ्याचं नाव कागदावर लागेपर्यंत जमिनीचा लढा पुरा होत नाही. चरीच्या माणसांनी सहा वर्षं उपास काढले, खांपूरला बावीस जीव गेले, आणि आपण सातबारा काढायचा कंटाळा करतो. हे बरं नव्हे.

म्हणून पाच कामं सांगतो, घरी जाऊन करा.

पहिलं, गावच्या जमिनीचा सातबारा काढा. आता तो मोबाईलवरही दिसतो. घरातल्या शिकलेल्या पोराला सांगा. सात नंबरात मालक कोण आहे, कुळाचं नाव कुठे आहे का, इतर हक्कात काय लिहिलंय, हे बघा.

दुसरं, नुसत्या आजच्या उताऱ्यावर थांबू नका. जुने फेरफार काढा. नाव कधी लागलं, कधी कमी झालं, कशाने कमी झालं, ते फेरफारात कळतं. आजोबा कूळ होते असं घरात सांगत असतील तर १९५७ च्या आसपासचे कागद शोधा. किंमत ठरवल्याचा ३२ ग चा हुकूम आहे का, खरेदीचं ३२ म प्रमाणपत्र मिळालं होतं का, हे जाणत्या वकिलाला विचारा. कूळ आहे की नाही असा वाद असेल तर तो तहसीलदारापुढे चालतो. गावातल्या दलालाच्या शब्दावर अंगठा उठवू नका.

तिसरं, वतनाची जमीन असेल तर तिचा व्यवहार करताना दहादा विचार करा. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतनं गेली आणि जमिनी परत मिळाल्या, पण त्या विकायच्या तर सरकारी परवानगी लागते. बिनपरवानगीचा कागद आणि हातातली नोटांची पुडी बघून भुललात तर जमीन पण जाईल आणि कोर्टाचे हेलपाटे पण पडतील. आज कोकणात रस्ते होतात, प्रकल्प येतात. मोबदल्याची नोटीस ज्याचं नाव कागदावर आहे त्यालाच येते.

चौथं, आणि हे पुरुष मंडळींनी कान देऊन ऐकावं. वारस नोंद करताना बहिणीचं, मुलीचं, आईचं नाव लावा. हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच वाटा दिला. खोताने कुळाचं नाव लागू दिलं नाही म्हणून आपण त्याला शिव्या देतो. मग लावणी करणाऱ्या बहिणीचं नाव आपण गाळलं तर आपल्याला काय म्हणायचं? त्या घरापुरते आपणच खोत झालो.

पाचवं, ज्यांना जमीनच नाही त्यांनी सरकारी योजना माहीत करून घ्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाने २००४ पासून सबळीकरण योजना आहे. दारिद्र्यरेषेखालच्या भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायत जमीन द्यायची, अशी ती योजना. मिळवायची तर पाठपुरावा करावा लागतो. एकट्याने तहसील कचेरीत गेलं तर उद्या या म्हणतात, दहाजण गेले की खुर्ची देतात.

आणि या पाचांच्या वर एक सांगतो. गावाला गेलात की कुणबीवाडीत, आगरवाडीत, मोहल्ल्यात जाऊन बसा. त्यांच्याही सातबाऱ्याचा हाच घोळ आहे. त्यांचे आजे आणि आपले आजे १९३८ साली एका बोटीतून आले होते, एका फलकाखाली चालले होते. आज आपण एकमेकांच्या वाडीत पाऊल टाकत नाही. याचा फायदा कुणाला होतो ते खोतीच्या इतिहासात लिहून ठेवलेलं आहे.

विहाराच्या या वास्तूत दर रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास सातबारा आणि फेरफार वाचायला, समजून द्यायला आम्ही बसू. लिहिता-वाचता येणाऱ्या दोन-चार पोरांनी मदतीला यावं. कागद घेऊन या, लाजू नका. बाबासाहेबांनी शिका म्हटलं त्यात हेही शिकणं आलं.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम! जय भारत!